डाव्या बाजूचा ब्रेक

वास आधी आला. रबर जळल्याचा नाही, क्लच जळल्याचाही नाही. ते दोन्ही वास सुहासला झोपेतसुद्धा ओळखू आले असते. हा कोरडा वास होता. भाकरी उतरवल्यावर गॅस बंद करायचा राहून जावा आणि रिकामा तवा तापत राहावा, तसा. बनुबाई तेव्हा पुणतांबा फाट्याच्या अलीकडे, उसाच्या दोन ट्रेलरांच्या मागून, दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चालवत होत्या. चालवत होत्या म्हणजे स्टिअरिंग गच्च धरून बसल्या होत्या, आणि गाडी आपली जड जड, कुणी मागून पदर धरल्यासारखी सरकत होती. "ब्रेकवरचा पाय काढा," सुहास म्हणाला. "काढलाय सर." "काढला असता तर गाडी अशी चालली असती का?" "माजा पाय खालीच हाय वो." तेवढ्यात एक मोटारसायकलवाला शेजारी आला, काचेशी वाकून ओरडला, "सर, ब्रेकलाईट चालूच हाय तुमचा," आणि धूळ उडवत निघून गेला. सुहासनं बनुबाईंकडे नुसतं पाहिलं. हे त्याचं पाहणं गावात प्रसिद्ध होतं. कोपरगावात निम्म्या लोकांनी त्याच्याकडे गाडी शिकून घेतली होती आणि त्या सगळ्यांनी कधी ना कधी हे पाहणं खाल्लं होतं. "नाचता येईना अंगण वाकडं," तो म्हणाला. बनुबाईंचे कान लाल झाले. मग पुढच्या डाव्या चाकातून बारीक धूर निघाला, गाडी कडेला घेतली गेली, सुहासनं उतरून बाटलीतलं पाणी चाकावर शिंपडलं आणि ते चर्रकन उडून गेलं. वळसा घालून तो उजव्या चाकाकडेही गेला होता, तिथंही वाकला होता, पण घरी परतेपर्यंत ते त्याच्या लक्षात राहिलं नाही. किंवा त्यानं राहू दिलं नाही. घरी आल्यावर बायकोला, अश्विनीला, त्यानं एवढंच सांगितलं, की ब्रेकचा डावा कॅलिपर पुन्हा जाम झाला आणि बनुबाईंचा पाय काही सुटत नाही.

बनुबाईंचं गाडी शिकणं ही आधी गावाला गंमत वाटली होती. पन्नाशी ओलांडलेली, कासोटा घालून उसाला पाणी देणारी बाई नोकरदार पोरींच्या रांगेत येऊन बसते आणि म्हणते, मला चारचाकी शिकवा. पण पहिल्याच दिवशी तिनं कारण सांगितलं, ते सुहास विसरू शकला नव्हता. तिच्या नवऱ्याला, बन्सीला, लकवा झाला होता. त्याला लोणीच्या दवाखान्यात न्यायचं तर मुलगा करण लांब चाकणला कंपनीत. त्यानं घेतलेली लहानशी गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी, आणि ती चालवायला रोज कुणाच्या तरी पाया पडायचं. "गाडी दारात हाय आन धा दारं हिंडते मी," बनुबाई म्हणाल्या होत्या. "त्ये म्हनत्यात, ऱ्हाऊ दे आता, नगं मला दवाखाना. म्हंजी मरू दे म्हनत्यात, सर. मला नुसतं लोनीपत्तुर जाता आलं पायजे." सुहासनं सगळ्यांना सांगतो तेच त्यांनाही सांगितलं होतं. घाबरायचं नाही. माझा पाय आहे. हे वाक्य त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या बोर्डावर नव्हतं, पण बोर्डापेक्षा जुनं होतं. डाव्या सीटच्या पुढ्यात त्याचा वेगळा ब्रेक, लोखंडी दांडीनं चालवणाऱ्याच्या ब्रेकला जोडलेला. शिकणाऱ्यानं काहीही करावं, एस.टी.वर जावं नाही तर गोदावरीत, सुहासचा उजवा पाय त्या पेडलच्या वर तरंगत असायचा आणि वेळ आली की त्याच्याही आधी पायाला कळायचं. वडील, शामकांत, जन्मभर साखर कारखान्याच्या ऑफिसात बसले. ते म्हणायचे, आपल्या घरात आजवर सगळ्यांनी हातानं लिहून पोट भरलं, पायानं भरणारा तू पहिला. बोलण्यात टोमणा असायचा, पण म्हातारपणी दवाखान्यात जाताना ते त्याच्याच गाडीत बसायचे. रिक्षा नको म्हणायचे.

आज रविवार. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी पाठीमागची भिंत धरून, तोंड बाहेर करून उभी होती. मागचा भाग अंधारात, पुढची चाकं उजेडात. सुहासनं जॅक लावला, डावं चाक काढलं आणि पाटावर बसला. नगरहून आणलेली कॅलिपरची नवी जोडी शेजारी पोत्यावर ठेवली होती. हे काम तो गॅरेजला देत नसे. चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी थाळी, तिला दोन्ही अंगांनी चिमटीत धरणारा हा पंजा. पेडल दाबलं की धरायचं, सोडलं की सोडायचं. जगात याला एवढंच काम. धरायला तो कधी चुकत नाही, चुकतो तो सोडायला. पिना कोरड्या पडतात, रबर फाटतं, आतल्या दट्ट्यावर गंज चढतो, आणि मग तो धरूनच बसतो. दिवाळीत असंच झालं होतं. डाव्या बाजूची खालची पिन खरोखरच आत रुतून बसली होती, हातोडीनं ठोकून काढावी लागली, आणि तेव्हाही त्यानं नियमाप्रमाणे दोन्ही बाजू नव्या घातल्या होत्या. एकाच बाजूला नवा घातला तर गाडी तिकडे ओढते. म्हणजे आज काढतोय ते जुने म्हणण्याइतके जुने नव्हतेच. पावसाळासुद्धा पाहिला नव्हता त्यांनी. माल खराब येतो हल्ली, तो स्वतःशी म्हणाला, आणि बोल्टला पाना लावला.

पाना फिरवताना त्याचा उजवा पाय लांब पसरला होता. पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटातला, लेस अश्विनीनं बांधलेला. त्याला त्या पायाकडे बघायचं नव्हतं, तरी दिसत राहिला. पूर्वी तो अनवाणी शिकवायचा. चप्पल मागच्या सीटखाली. लोकांना वाटायचं, गाडीला देव मानतात सर. तेही होतं थोडं, पण खरं कारण वेगळं होतं. पेडलच्या रबरावरच्या बारीक रेघा तळव्याला मोजता यायच्या. शिकणारा ब्रेककडे पाय नेतोय की नुसता विचार करतोय, हे दांडीतून त्याच्या अंगठ्यापर्यंत यायचं. बायका गरोदर असल्या की पोटातलं मूल हललं ते हात ठेवून कळतं ना, तसंच काहीसं, असं त्यानं एकदा अश्विनीला सांगितलं होतं आणि तिनं, तुम्हाला काय माहीत, म्हणून उडवून लावलं होतं. मग गेल्या उन्हाळ्यात नदीकाठच्या देवळात भर दुपारी आरतीनंतर सगळे तापलेल्या फरशीवरून टणाटण उड्या मारत सावलीकडे पळाले आणि सुहास आपला शांतपणे चालत आला. "सरांची केवढी भक्ती बघा," कुणी तरी म्हणालं. तो हसला होता. संध्याकाळी तळव्याला फोड आले होते, हळदीच्या रंगाचे, आणि ते त्यानं पाहिले तेव्हा कळले. दुखले नाहीत. ते त्यानं मोजे घालून झाकले. पुढे एकदा बाजारातून येताना मागून भाजीवाली ओरडत आली, "सर, चप्पल ऱ्हायली तुमची." एका पायात चप्पल, एका पायात नाही, आणि तो तसाच चौकापर्यंत आला होता. अश्विनीला त्यानं सांगितलं, चपलेचा अंगठा सैल झालाय. तिनं दुसऱ्या दिवशी हे बूट आणले, लेसवाले. तिला काय कळलं आणि काय नाही, हे त्यानं विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. त्यांच्या घरात शुगर ही आधी त्याच्या आईची गोष्ट होती, मग त्याची झाली, चहातली साखर गेली, एवढंच बोलणं.

आणि डॉक्टर. डॉक्टरांनी टेबलावर आपटून थरथरणारा एक चिमटा त्याच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला होता आणि म्हणाले होते, डोळे मिटा, थरथर थांबली की सांगा. डोळे मिटले, आणि तिथं काहीच नव्हतं. चिमटा टेकलाय की नाही हेसुद्धा नव्हतं. जिना संपला असताना आणखी एक पायरी असेल म्हणून पाय टाकावा, तसं काळजात झालं. पण सुहास शिकवणारा माणूस, परीक्षेत कसं बसायचं ते त्याला ठाऊक. तो कानानं ऐकत राहिला. चिमट्याचा बारीक गुं गुं आवाज येत होता, तो विरला तसं तो म्हणाला, "थांबली." डॉक्टर पाय जपा म्हणाले, रोज रात्री तळवे आरशात बघत जा, आणि जाता जाता सहज विचारल्यासारखं, "गाडी अजून शिकवता ना?" "हो," सुहास म्हणाला, "ती सवय आहे पायाला." घरी येताना एस.टी.त, बसलेल्या जागी, त्याचा पाय प्रत्येक थांब्यावर पुढच्या सीटखालच्या पत्र्याला दाबत होता. निदान मांडी तरी ताठ होत होती. त्यावरून त्यानं समजूत घातली, की मांडीला कळतंय म्हणजे पायाला कळतंय.

डाव्या बाजूचा कॅलिपर सुटून हातात आला. थाळीला घासणारे पॅड पातळ झाले होते, कडा जळून काळ्या. रबरी टोप्या भाजलेल्या पापडासारख्या कडक; नखानं टोचलं तर तुकडा पडला. पण पिना. त्यानं पिना ओढल्या आणि दोन्ही सहज बाहेर आल्या. ग्रीस उष्णतेनं सुकून गेलं होतं, तरी पिना हालत होत्या. दट्टा अंगठ्यानं रेटला, तोही मागे गेला. सुहास तो लोखंडी पंजा मांडीवर घेऊन बसून राहिला. जाम झालेला नव्हता. हा कॅलिपर सोडायला तयार होता. मग त्यानं उठून उजवीकडे जॅक लावला. चाक काढेपर्यंत त्याला घाम फुटला, आणि तो कामाचा नव्हता. उजव्या बाजूचे पॅड तितकेच पातळ, कडा तितक्याच काळ्या, रबर तितकंच भाजलेलं. फाट्यावर त्यानं उजव्या चाकाला हात लावला होता आणि चटका बसून मागे घेतला होता. ते आता आपोआप आठवलं. एका बाजूला ताप असेल तर दोष चाकात. दोन्ही बाजूंना ताप असेल तर दोष चाकात नाही, वर आहे, कुणी तरी दाबतंय. हे तो शिकणाऱ्या पोरांना फळ्यावर चित्र काढून सांगायचा. कुणी तरी म्हणजे बनुबाई, त्यानं घाईघाईनं स्वतःला सांगितलं. अजून कोण? पण मनाच्या एका कोपऱ्यात बसस्टँडजवळची ती शेळी येऊन उभी राहिली. गेल्या आठवड्यात दोन टपऱ्यांच्या मधून शेळी आडवी आली होती, गाडी तिच्यापासून हातभर अंतरावर थांबली, आणि सुहास ऐटीत म्हणाला होता, "बघा, माझा पाय होता म्हणून." बनुबाईंनी कपाळावरचा घाम पुसला आणि अगदी हळू, जणू माफी मागतात तशा आवाजात म्हणाल्या, "सर, म्याच दाबला." त्यानं तेव्हा ती बढाई समजली. नवशिक्याला थोडं यायला लागलं की असं वाटतंच, असं मनाशी म्हणून त्यानं ते सोडून दिलं होतं. आता ती शेळी हलेना. त्यानं दाबला होता. दाबल्याचं त्याला स्पष्ट आठवत होतं, पाय खाली नेल्याचं, सगळं. पण हे आठवणं नक्की कुठून येत होतं, पायातून की इतक्या वर्षांच्या सवयीतून, हे त्याला सांगता येईना. आणि हे सांगता येत नसेल, तर जास्त भीती कशाची धरायची? नको तेव्हा दाबून बसणाऱ्या पायाची, की हवा तेव्हा, दाबलाय असं वाटून, तसाच लोंबत राहणाऱ्या पायाची? शाळा सुटल्यावर स्टेशन रोडवर पोरांची रांगच्या रांग रस्ता ओलांडते. त्याच्यापुढं हजार वेळा ओलांडली होती.

नवे कॅलिपर त्यानं तरीही बसवले. दुसरं काय करायचं असतं, हात चालू असले म्हणजे माणूस सावरतो. पिनांना ग्रीस लावलं, नवे पॅड घातले, तेलाचे पाईप जोडले, बोल्ट आवळले. हातांना सगळं येत होतं. हातांना बोल्टचा शेवटचा पाव आटासुद्धा कळत होता, आणि त्याचा त्याला विलक्षण राग आला, आपल्याच हातांचा. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं काही तरी डोक्यात फिरत होतं आणि तो ते पूर्ण होऊ देत नव्हता. अश्विनी तेवढ्यात चहा घेऊन आली. पाईप सोडल्यावर आत हवा शिरते आणि ती काढायला दोन माणसं लागतात. एक पेडल दाबणारं, एक चाकापाशी निपल, म्हणजे तेलाची बारीक तोटी, सैल करणारं. हे काम लग्न झाल्यापासून तिचं. शाळेच्या ऑफिसात नोकरी करून, घर सांभाळून, तिनं कधी गाडी शिकली नाही. "जन्मभर तुमचं ऐकून ब्रेक दाबते तेवढं पुरे, वर चालवायलाही तुमच्याकडून शिकू?" असं ती लोकांसमोर म्हणायची आणि सगळे हसायचे. चहाचा कप भिंतीशी ठेवून ती चालवणाऱ्याच्या जागेवर बसली, साडी आवरून. सुहास चाकाशी वाकला.

"दाब. सोड. दाब. सोड. दाब आणि धर."

"धरलंय."

निपल सैल केला, बारीक नळीतून बुडबुडे आले, तेल आलं. निपल आवळला. "सोड."

"सोडलं."

या कामात सगळा भरवसा त्या शब्दाचा असतो. ती धरलंय म्हणाली म्हणजे धरलेलं असतं, सोडलं म्हणाली म्हणजे सोडलेलं. मध्येच पाय उचलला तर हवा पुन्हा आत जाते आणि केलेलं सगळं फुकट. अश्विनीनं एवढ्या वर्षांत एकदाही तसं केलं नव्हतं. सुहासला ते कधी मोठं वाटलं नव्हतं. आज वाटलं. तिला सांगता यायचं, सहज, न बघता, की माझा पाय कुठं आहे.

"बनुबाईंचा फोन आला होता," ती आतून म्हणाली. "तुम्ही चाक काढत होतात तेव्हा. उद्यापासून येणार नाहीत म्हणाल्या."

"का?"

"माझा पायच नाठाळ आहे म्हणाल्या. सरांनी किती सांगितलं, तरी ब्रेकवरून हटत नाही, मला कळतसुद्धा नाही तो तिथं जातो ते. रडत होत्या हो. करण पुढच्या आठवड्यात येऊन गाडी विकून टाकणार आहे." ती थांबली. "बन्सींचं काय मग? तुम्ही एकदा बोला की त्यांच्याशी. तुमचं ऐकतील."

"दाब आणि धर," सुहास म्हणाला.

"धरलंय."

मला कळतसुद्धा नाही तो तिथं जातो ते. बाई शेताच्या बांधावरून, चिखलातून, पाटाच्या पाण्यातून अनवाणी चालत आलेली, काटा मोडायच्या आधी कळावा असा पाय तिचा. आणि तिला त्यानं रोज सकाळी, शांतपणे, सरासारखं सांगून सांगून पटवलं होतं की तिचा पाय तिला फसवतोय. तिनं ते मानलं. तो सर होता म्हणून मानलं. आपल्या पायाची खात्री असताना तिनं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि तो, पायाची खात्री नसताना, स्वतःच्या शब्दावर. सुहासला वाटलं, ही हवा अशीच निघत राहावी, नळीतून बुडबुडे येत राहावेत, हे काम संपूच नये. पण हवा संपली. तेल सलग, स्वच्छ यायला लागलं. दोन्ही चाकं चढवली, जॅक उतरवला. पेडल टणक लागतंय म्हणाली अश्विनी, दगडासारखं. म्हणजे गाडी नीट झाली होती.

"आता माझ्या बाजूचा ब्रेक बघायचा," तो म्हणाला. हेही नेहमीचंच. काम झालं की तो डाव्या सीटवर बसायचा, आपलं पेडल दाबायचा, सोडायचा, आणि अश्विनी मागं उभी राहून दिवा बघून सांगायची. ती फोन हातात घेऊन गाडी आणि भिंत यांच्या मधल्या फटीत जाऊन उभी राहिली. सुहास आत बसला. सवयीनं दार ओढून घेतलं, सवयीनं स्वतःच्या बाजूचा आरसा नीट केला. शिकवणाऱ्याच्या गाडीत मागचं बघायला आत दोन आरसे असतात. त्याच्या आरशात मागची अंधारी, पोपडे आलेली भिंत आणि अश्विनीचा खांदा दिसत होता.

"दाबलं."

"लागला." भिंत तांबडी झाली.

"सोडलं."

भिंत तांबडीच राहिली.

"सोडा ना," ती म्हणाली.

"सोडलं."

"लागलाय अजून. पाय काढा की."

"काढलाय अगं. माझा पाय खालीच आहे."

वाक्य तोंडातून गेलं आणि ते कुणाचं होतं हे त्याला कळलं. शब्द तेच, आवाजातली ती अजिजीसुद्धा तीच. त्यानं खाली पाहायला बराच वेळ घेतला. डॅशबोर्डखाली अंधार होता, पण बूट पांढरा होता. अश्विनीनं सुबक गाठ मारलेली लेस. बूट पेडलवर होता. फार जोर नव्हता, नुसता ठेवलेला, तासन्‌तास राहील असा. सुहास त्याच्याकडे पाहत राहिला आणि त्याला त्यातलं काहीच जाणवत नव्हतं, शेजारच्या माणसाचा पाय असावा तसा तो तिथं होता. त्यानं गुडघ्याखाली दोन्ही हात घालून तो उचलला. भिंत काळी झाली.

"गेला," अश्विनी म्हणाली. "दिव्याचा स्विच चिकटत असेल का हो?"

"स्विच मागच्याच महिन्यात नवा घातलाय." त्याला आणखी एक गोष्ट बघायची होती, आणि ती बघू नये असं सगळं अंग सांगत होतं. त्यानं डोळे मिटले. डॉक्टरांसमोर मिटले होते तसे, पण आता ऐकायला चिमट्याचा आवाज नव्हता. पाय पेडलवर नेला, नीट, ठरवून, आणि दाबला. "दाबलं," तो म्हणाला.

"कधी?"

"आत्ता. दाबलंय मी."

"नाही हो. काहीच नाही लागलं." तिचा आवाज बदलला. "तुम्ही काय करताय?"

त्यानं डोळे उघडले. बूट पेडलच्या शेजारी, रबरी पायपुसण्यावर, सगळ्या ताकदीनिशी दाबून बसला होता. त्याच्या डोळ्यांसमोर शाळा सुटली होती. पोरं रस्त्याच्या मधोमध होती, आणि तो डाव्या सीटवर ऐटीत बसून मनानं ब्रेक दाबत होता. किती महिने? किती जण आले, शिकून गेले, घाबरायचं नाही म्हटल्यावर घाबरले नाहीत. काही झालं नाही, हे खरं होतं. पण काही झालं नाही ते कुणामुळे? त्याच्यामुळे नव्हे. शेळी वाचली ती बनुबाईंमुळे. त्याला एकदम फार एकटं वाटलं, भरलेल्या घरात वीज जावी आणि हाक मारली तर कुणीच ओ देऊ नये, तसं. अश्विनी मागं उभीच होती. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि त्यावरून त्याला समजलं, की चपलेचं तिला तेव्हाच कळलं होतं.

"बनुबाईंना फोन लाव," तो म्हणाला. "स्पीकरवर टाक. इथूनच बोलतो."

फोन लगेच उचलला गेला. मागं कुठं तरी बन्सीचं खोकणं ऐकू येत होतं, आणि भांडं सरकवल्याचा आवाज.

"बनुबाई, सुहास बोलतोय. तुमचा पाय नव्हता तो. ब्रेकवर. माझा पाय होता."

"व्हय?"

"हो. तुमचा पाय खालीच होता. तुम्ही म्हणत होतात ते खरं होतं. आणि शेळीच्या वेळी ब्रेक तुम्हीच मारलात. माझ्या पायाला कळत नाही, बनुबाई. शुगरनं गेलाय तो."

त्याला वाटलं होतं, त्या चिडतील. रोज सकाळी कान लाल करून घेतलेली बाई, तिनं चिडायला हवं होतं. त्याला ते बरं वाटलं असतं. पण फोनमधून आधी एक लांब श्वास आला, आणि मग बनुबाई तोंड बाजूला करून घरात कुणाला तरी म्हणाल्या, "आवो ऐकलं का, माजा पाय चांगला हाय. सर म्हनत्यात." बन्सीचं काही तरी अस्पष्ट, लोळतं बोलणं आलं. बनुबाई हसत होत्या. रडतही असतील. "मंग गाडी न्हाई इकत आमी. करनला सांगते आत्ताच. लई जीवाला लागलं हुतं सर, रातरात झोप न्हवती, का आपल्याच पायानं आपल्याला असं का करावं." मग त्यांना बोलायचं सुचलं. "पर तुमी दवाखान्यात जावा हां. हयगय करू नगा. शुगर लई वंगाळ."

"जातो," सुहास म्हणाला.

"आन सर, म्या उद्या येते मंग. नेमीच्या टायमाला. आता मला भ्या न्हाई वाटायचं. तुमी बाजूला हायेत ना."

त्यानं तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं, एवढा साधा शब्द होता, आणि त्या शब्दापलीकडे त्याला काहीच दिसत नव्हतं, ना उद्याची सकाळ, ना बोर्ड, ना गावातून चालताना सर म्हणून मारलेली हाक. लोणीचा रस्ता तेवढा दिसत होता, आणि तिथपर्यंत पोचायला तिला आता दुसरं कुणी तरी शोधावं लागणार होतं. पुन्हा दहा दारं. "सर?" बनुबाई फोनमधून म्हणाल्या. "येऊ ना?"

अश्विनीनं फोन गाडीच्या दिशेनं पुढं धरला होता. सुहासनं आरशात पाहिलं. मागची भिंत पुन्हा तांबडी झाली होती, आणि अश्विनीचा चेहरासुद्धा. ती दिव्याकडे पाहत होती.